फुलांच्या घराण्यातले जोतीराव

रौप्य महोत्सवी स्मरणिकेसाठी बागेवर काहीतरी लिहून द्या, असा संपादक मंडळाचा निरोप आला. उद्यान समितीत मी बरीच वर्षं आहे. तेव्हा कोणतं झाड कुठे लावावं, गुलाबाची छाटणी कधी करावी, असा दोन पानांचा लेख त्यांना अपेक्षित असावा. मीही तेच लिहायला बसलो होतो. पण लेख भलतीकडेच गेला, आणि त्याला कारण झाली आमची नात.

गेल्या एप्रिलमध्ये मी निशिगंधाचे कंद आणले. पाकिटावर जातीचं नाव होतं 'फुले रजनी'. नातीने ते वाचलं आणि विचारलं की आजोबा, हे फुले म्हणजे झाडाची फुलं की जोतिबा फुले? मी हसलो आणि सांगितलं की जोतिबा फुले. राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे, 1968 सालचं. तिथे तयार झालेल्या जातींना 'फुले' हे नाव पुढे लावायची पद्धत आहे. ग्लॅडिओलसमध्ये 'फुले गणेश' आहे, 'फुले तेजस' आहे, तसाच हा निशिगंध. त्यावर तिचा दुसरा प्रश्न आला. जोतिबांनी तर शाळा काढल्या, मग फुलांना त्यांचं नाव कशाला?

मी शाळेत 30 वर्षांवर इतिहास शिकवला. 1848 आणि 1873 ही दोन सालं किती मुलांकडून घोकून घेतली असतील याचा हिशेब नाही. पण फुले हे आडनाव आलं कुठून, हे मी वर्गात एका वाक्यात उरकत असे. परीक्षेला येत नव्हतं ना! नातीच्या प्रश्नाने मी कपाटातली जुनी पुस्तकं काढली आणि पुन्हा वाचायला बसलो. वाचता वाचता आपली बागही आठवत गेली, आणि माझ्या हातून झालेली एक चूकही. ती शेवटी सांगतो. आधी जोतीरावांबद्दल.

या घराण्याचं मूळ आडनाव गोऱ्हे. मूळ गाव सातारा जिल्ह्यातलं कटगुण. काही तंट्यापायी गाव सोडावं लागलं आणि घराणं पुरंदरच्या बाजूला खानवडीला आलं. जोतीरावांचे आजोबा शेटीबा तिथून पोट भरायला पुण्यात आले. त्यांना तीन मुलगे होते, राणोजी, कृष्णा आणि गोविंद. ही मुलं फुलांच्या कामात शिकली आणि त्या काळच्या पुण्यात नावाजली. पेशव्यांच्या वाड्यात फुलांचे हार, गजरे, तुरे तर लागतच, पण फुलांच्या गाद्या आणि तक्केसुद्धा लागत. हे सगळं काम या भावांकडे आलं. आता विचार करा. एका गादीला किती फुलं लागत असतील, ती पहाटे कोण तोडत असेल, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या सुकलेल्या गादीचं काय होत असेल? पेशवे खूश झाले आणि या घराण्याला 35 एकर जमीन इनाम मिळाली. लोक गोऱ्हे विसरले आणि फुले म्हणू लागले.

इनाम मिळालं, पण गोविंदरावांच्या वाट्याला ते आलं नाही. थोरल्या राणोजींनी जमीन आपल्याकडे ठेवली, असं चरित्रकार सांगतात. 1818 मध्ये पेशवाईही गेली. म्हणजे फुलांच्या गाद्या घेणारं गिऱ्हाईकच राहिलं नाही. गोविंदरावांनी भाजीपाल्याचा आणि फुलांचा धंदा चालवला, थोडी शेती केली. अशा घरात 11 एप्रिल 1827 रोजी जोतीरावांचा जन्म झाला. बाळ वर्षाचं होण्याआधीच आई चिमणाबाई गेल्या. सगुणाबाई क्षीरसागर यांनी त्यांना सांभाळलं. आईविना पोराला आईची माया देणारी ही बाई. पुढे जोतीराव आणि सावित्रीबाई या दोघांच्या कामात त्यांचा मोठा आधार होता.

सातव्या वर्षी जोती शाळेत जाऊ लागला. पण माळ्याच्या पोराला शिकून काय करायचं, असे कोणीतरी गोविंदरावांचे कान भरले आणि पोराचं नाव शाळेतून काढलं गेलं. मग हातात आलं खुरपं. आळी करायची, पाटाचं पाणी वळवायचं, तण काढायचं. हे काम त्यांनी काही वर्षं केलं. रात्री दिव्याच्या उजेडात पुस्तकं मात्र चालूच होती. शेजारी गफार बेग मुन्शी नावाचे उर्दू-फारसीचे शिक्षक राहत आणि लिजिट नावाचे एक साहेब होते. दोघांनी गोविंदरावांना समजावलं की पोरगा हुशार आहे, त्याला वाया घालवू नका. 1841 मध्ये जोती पुन्हा शाळेत गेला, स्कॉटिश मिशनच्या. बरोबरीची मुलं पुढे गेलेली, हा उशिराने आलेला. तरी 1847 पर्यंत त्याने इंग्रजी शिक्षण पुरं केलं. आधी 1840 मध्येच नायगावच्या सावित्रीबाईंशी लग्न झालं होतं. नवरा तेरा वर्षांचा, बायको नऊ वर्षांची.

मला हा मधला काळ महत्त्वाचा वाटतो. शाळेतून काढलेल्या पोराने मातीत काढलेली ती वर्षं. आपण चरित्र वाचताना शाळेपासून शाळेपर्यंत उडी मारतो. पण ज्याने स्वतः पाणी वळवलं आहे त्याला ठाऊक असतं की पाटाच्या टोकाच्या वाफ्यापर्यंत पाणी आपोआप पोचत नाही. कोणीतरी मधले बांध फोडून ते तिथवर न्यावं लागतं. पुढे शिक्षणाच्या बाबतीत त्यांचा सरकारशी जो वाद झाला तो नेमका हाच होता. वरच्या वर्गाला शिकवलं की विद्या हळूहळू खाली झिरपेल, असं सरकारला वाटत होतं. 1882 मध्ये हंटर आयोगापुढे जोतीरावांनी निवेदन दिलं आणि खेड्यापाड्यातल्या प्राथमिक शिक्षणावर आधी खर्च करा, अशी मागणी केली.

1848 साल त्यांच्या आयुष्याला वळण देणारं ठरलं. एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत ते चालत होते. तू आमच्या बरोबरीने कसा चालतोस, म्हणून तिथे त्यांचा अपमान झाला. वय एकवीस. घरी येऊन रडून गप्प बसणारे पुष्कळ असतात. जोतीरावांनी त्याच वर्षी पुण्यात बुधवार पेठेत भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंना त्यांनी घरी शिकवून तयार केलं होतं, त्या तिथे शिकवू लागल्या. रस्त्यात त्यांच्या अंगावर शेण आणि चिखल टाकला जाई, हे आपण सगळे जाणतोच. 1849 मध्ये लोकांच्या दडपणामुळे गोविंदरावांनी मुलाला आणि सुनेला घराबाहेर काढलं. तरी शाळा वाढतच गेल्या. अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठीही शाळा निघाल्या. 1852 मध्ये विश्रामबाग वाड्यात सरकारने जोतीरावांचा शाल देऊन सत्कार केला. 1855 मध्ये शेतात आणि कामावर राबणाऱ्या मोठ्या माणसांसाठी दोघांनी रात्रीची शाळा चालवली.

सावित्रीबाईंचं एक सांगायला हवं, कारण बागेच्या लेखात त्यांची जागा मोठी आहे. 1854 मध्ये त्यांचा कवितासंग्रह छापला गेला. नाव 'काव्यफुले'. त्यात शिक्षणावरच्या कविता आहेत तशा पिवळ्या चाफ्यावर, जाईच्या फुलावर, गुलाबाच्या फुलावरही आहेत. म्हणजे अंगावर शेण झेलून शाळेत जाणारी ही बाई घरी आल्यावर जाईकडे बघत होती! हे वाचून मला फार बरं वाटलं. मोठं काम करणाऱ्या माणसाला फुलाकडे बघायला वेळ नसतो, असा आपला उगाच समज असतो.

आपल्या बागेत दोन नंबरच्या इमारतीपाशी जो पिवळा चाफा आहे, तो लावताना मला ही कविता ठाऊक नव्हती. ज्यांना घरी लावायचा असेल त्यांच्यासाठी इथेच सांगतो. सोनचाफ्याला पाण्याचा निचरा होणारी जागा लागते. आपली माती काळी. पावसाळ्यात फुगते, पाणी धरून ठेवते आणि मुळं सडतात. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि मुळं तुटतात. म्हणून एप्रिल-मेमध्ये तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट खोल खड्डा करून तो उन्हात तापू द्यायचा. मग माती, चांगलं कुजलेलं शेणखत, थोडी वाळू किंवा मुरूम आणि निंबोळीची ढेप मिसळून भरायचा. रोप पहिला पाऊस पडून गेल्यावर लावायचं. वर्ध्याचं ऊन बाळझाडाला सोसत नाही. पहिले दोन उन्हाळे त्याला पऱ्हाट्यांचा किंवा तुराट्यांचा आडोसा करायचा. एवढं केलं की चाफा धरतो.

पुन्हा जोतीरावांकडे येतो. ते पोटापाण्यासाठी कंत्राटदार होते, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. खडकवासल्याचं धरण, कात्रजचा बोगदा, येरवड्याचा पूल अशा कामांशी त्यांचा संबंध होता. तिथे मजुरांचे हाल त्यांनी जवळून पाहिले. जो पैसा मिळाला तो शाळांत आणि समाजाच्या कामात गेला. 1863 मध्ये त्यांनी आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं. फसलेल्या विधवांनी तिथे यावं, सुखरूप बाळंत व्हावं, मूल ठेवायचं तर ठेवून जावं. अशाच एका विधवेचा मुलगा, यशवंत, पुढे या जोडप्याने दत्तक घेतला आणि त्याला डॉक्टर केलं. 1868 मध्ये त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. 1873 मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक निघालं आणि त्याच वर्षी 24 सप्टेंबरला सत्यशोधक समाज स्थापन झाला. 1877 च्या दुष्काळात पुण्याजवळ धनकवडीला त्यांनी भुकेल्या मुलांसाठी अन्नछत्र चालवलं.

हौदाची गोष्ट वाचताना मी जरा थांबलो. मे महिन्यात आपल्या सोसायटीत टँकर आला की काय होतं, ते तुम्हाला माहीत आहे. वरच्या मजल्यावरचे म्हणतात आमच्याकडे चढत नाही, खालचे म्हणतात आमच्याकडे उरत नाही, आणि सगळे मिळून म्हणतात बागेला कशाला देता? पाणी वाटणं हे बोलायला सोपं, करायला कठीण. त्या काळात, त्या पुण्यात, स्वतःच्या दारातला हौद ज्याने सगळ्यांना मोकळा केला त्याची छाती केवढी असेल!

1876 ते 1882 जोतीराव पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. 1880 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला येणार होते. शहर सजवायचं, कमानी उभारायच्या, म्हणून 1,000 रुपये खर्चाचा ठराव आला. सभासद 32. एकट्या जोतीरावांनी विरोध केला. हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं होतं. ठराव अर्थातच मंजूर झाला. भाजीमंडईची मोठी दगडी इमारत बांधायचं ठरत होतं, त्यालाही त्यांचा विरोध होता, कारण तेच. ती इमारत 1886 मध्ये उभी राहिली आणि तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचं नाव मिळालं. आज ती महात्मा फुले मंडई म्हणून ओळखली जाते. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटलाही त्यांचंच नाव दिलेलं आहे. ज्या इमारतीला विरोध केला तिच्यावरच आपलं नाव लागलेलं पाहून त्यांना हसू आलं असतं की राग, कोण जाणे.

यावरून कोणाला वाटेल की हा माणूस शोभेच्या विरुद्ध होता. मला तसं वाटत नाही. ज्यांच्या घराण्याने फुलांच्या गाद्या केल्या त्यांना शोभा म्हणजे काय हे आपल्यापेक्षा जास्त कळत होतं. शोभा कोणाच्या पैशाने, कोणाच्या घामाने आणि कोणाचं काय अडवून होते, एवढंच ते विचारत होते.

शेतीचं त्यांना नुसतं बोलायचं नव्हतं. खडकवासल्याच्या धरणातून कालवा निघाला, तरी सुरुवातीला शेतकरी ते पाणी घ्यायला कचरत होते. जोतीरावांनी पुण्याजवळ मांजरीला जमीन घेतली आणि कालव्याच्या पाण्यावर बागायत करून दाखवली. 1883 मध्ये त्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पुरा केला. आपण त्याला शेतकऱ्यांच्या दुःखाचं पुस्तक म्हणतो आणि ते खरंच आहे. पण त्यात मातीची आणि पाण्याची बारीक माहितीही आहे. डोंगरावरून पावसाचं पाणी येताना पालापाचोळ्याचं सत्त्व घेऊन येतं. ते वाहून ओढ्याला जाऊ नये म्हणून ताली आणि बांध घाला, पाणी शेतात मुरवा, या कामाला पलटणीतल्या आणि पोलीस खात्यातल्या रिकाम्या माणसांना लावा, असं त्यांनी सुचवलं. तलाव बांधा, विहिरींना मदत करा, चांगली शेती करणाऱ्याला बक्षीस द्या, हेही आहे. आज आपण पाणी अडवा, पाणी जिरवा म्हणतो. ते त्यांनी 140 वर्षांपूर्वी लिहून ठेवलं होतं. आपल्या बागेत पडलेला पाला गोळा करून आपण जाळत होतो. तीन वर्षांपासून कोपऱ्यातल्या खड्ड्यात त्याचं खत करतो. उशिरा का होईना, ऐकलं म्हणायचं.

1888 मध्ये राणीचे चिरंजीव ड्यूक ऑफ कॅनॉट पुण्यात आले होते. हरी रावजी चिपळूणकरांनी त्यांच्यासाठी मेजवानी दिली. बाकी मंडळी जरीच्या पोशाखात, दागिन्यांत. जोतीराव आले ते गरीब शेतकऱ्याच्या वेशात. खरी प्रजा या जरीत दिसणार नाही, तिच्या शिक्षणाचं बघा, असं त्यांनी ड्यूकना सांगितलं. त्याच वर्षी 11 मे रोजी मुंबईला मांडवीत मोठी सभा भरली आणि जनतेने त्यांना महात्मा ही पदवी दिली. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली. तेव्हा त्यांनी डाव्या हाताने लिहायला सुरुवात केली आणि 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' पुरं केलं. 28 नोव्हेंबर 1890 रोजी ते गेले. अंत्ययात्रेत टिटवं सावित्रीबाईंनी स्वतः धरलं. पुढे 1897 च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाईही गेल्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या तीन गुरूंमध्ये बुद्ध आणि कबीर यांच्याबरोबर जोतीरावांना मानलं. 2027 मध्ये त्यांच्या जन्माला 200 वर्षं पुरी होतील.

डाव्या हाताने लिहिलेलं ते शेवटचं पुस्तक त्यांच्या पश्चात 1891 मध्ये छापलं गेलं. ते प्रश्नोत्तरांच्या रूपात आहे. त्यात पूजेचा विषय निघतो आणि फुलांचाही. फुलांच्या धंद्यातून आडनाव मिळालेल्या माणसाने आयुष्याच्या शेवटी फुलांबद्दल काय म्हटलं असेल? त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की सुवासिक फुलं निर्मिकाने माणसांच्या उपभोगासाठी केली. त्याचीच वस्तू त्यालाच परत वाहण्यात काय अर्थ? माळा घालायच्या तर ज्या बाया आणि पुरुष आपलं घर चालवून जगाच्या भल्यासाठी रात्रंदिवस झटतात त्यांच्या गळ्यात घाला.

मी स्वतः रोज पूजा करतो, फुलंही वाहतो. तेव्हा ज्या काकू आणि काकाजी पहाटे साडेपाचला पिशवी घेऊन सोसायटीची तगर, जास्वंद आणि कण्हेर खुडतात, त्यांना मी जोतीरावांचं नाव पुढे करून थांबवणार नाही. पिशवी जरा लहान आणा आणि कळ्या सोडा, एवढंच विनवतो. कण्हेर विषारी असते, लहान मुलांच्या हातात देऊ नका, हेही सांगून ठेवतो. पण जोतीरावांचा तो विचार वाचला आणि माझा लेख थांबला. कारण मला आमचे माळीभाऊ आठवले.

आता ती चूक. काही वर्षांपूर्वी सोसायटीच्या फाटकासमोर हिरवळ आणि बाटलीच्या आकाराच्या पामची रांग लावायचा घाट मी घातला होता. नागपुरात एका ठिकाणी पाहिलं आणि मनात भरलं. माळीभाऊंनी तेव्हाच सांगितलं होतं की ही जागा खोलगट आहे, काळी माती आहे, पावसात पाणी साचते, पाम जगणार नाही. आणि हिरवळीला मे महिन्यात रोज पाणी लागते, ते आणाल कुठून? मी ऐकलं नाही. मी शिकलेला, समितीचा प्रमुख. पहिल्याच पावसाळ्यात 12 पैकी सात पाम मुळाशी सडले. पुढच्या मेमध्ये बोअर आटली आणि हिरवळीचं पिवळं गवत झालं. आमसभेत हिशेब मागितला गेला. तेव्हा मी उठून म्हणालो की माळी लक्ष देत नाही. सभेने दोन महिने त्यांचा अर्धा पगार कापला. ते मागे भिंतीला टेकून उभे होते. एक शब्द बोलले नाहीत.

त्या जूनमध्ये कोणाला न सांगता त्यांनी त्या जागेचा उंचवटा केला, बाजूने चर काढला आणि कुठून कुठून रोपं आणून लावली. बहावा, पांढरा चाफा, कण्हेर आणि कुंपणाला बोगनवेल. सगळी आपल्या उन्हाला ओळखणारी झाडं. चाफा पानं गाळून उन्हाळा काढतो. बोगनवेलीला पाणी जास्त झालं तर नुसती पानं येतात, थोडी तहान लागली की ती फुलते. बहावा तर ऐन एप्रिल-मेमध्ये, सगळं करपलेलं असताना, पिवळ्या झुंबरांनी लगडतो. गेली दोन वर्षं तो आपल्या फाटकाशी फुलतो आहे. आपल्या या स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर ज्या बहाव्याचा फोटो छापायचं ठरलं आहे, तो हाच.

रौप्य महोत्सवाच्या कार्यक्रमाची पत्रिका माझ्यापुढे आहे. सत्कारमूर्तींची यादी मोठी आहे, आणि सगळी नावं योग्यच आहेत. त्या यादीत माळीभाऊ नाहीत. मुद्दाम वगळलं असं नाही. आपल्या कोणाच्या डोक्यातच आलं नाही. माझ्याही आलं नव्हतं. पंचवीस वर्षांपूर्वी हे कपाशीचं रान होतं, तिथे आज 140 झाडं उभी आहेत. खड्डे त्यांनी खणले, बादल्यांनी पाणी त्यांनी घातलं, आणि दोष आला तेव्हा तोही त्यांनीच घेतला.

माझ्या दोन विनंत्या आहेत. व्यासपीठाच्या सजावटीसाठी आपण नागपूरहून गाडीभर फुलं मागवणार आहोत. त्यातला खर्च थोडा कमी करून बागेला ठिबकच्या नळ्या टाकू या, म्हणजे मे महिन्यात टँकरवरून भांडण होणार नाही आणि झाडंही जगतील. आणि दुसरी विनंती, समारंभात पहिला हार माळीभाऊंना घालावा. तो हार बाहेरून आणू नये. 'फुले रजनी' आता बहरात आहे. दांडे मी आणि नात मिळून तोडू, आमच्या घरच्या वहिनी ओवून देतील. कापलेला पगार मी माझ्या खिशातून त्यांना देणार आहे. तो खरं म्हणजे सोसायटीने नाही, मीच कापला होता. ते घेतील की नाही, माहीत नाही. निदान सगळ्यांसमोर चूक माझी होती, एवढं तरी लेखी राहील.

नातीला मी अजून तिच्या प्रश्नाचं पुरं उत्तर दिलेलं नाही. हा लेख छापून आला की तिलाच वाचायला देईन.

सोसायटीच्या सर्व रहिवाशांना रौप्य महोत्सवाच्या शुभेच्छा. यंदाच्या पावसाळ्यात प्रत्येक घराने एक तरी झाड लावावं. कोणतं लावायचं हे मला विचारू नका, माळीभाऊंना विचारा.